तांब्याचा हिशेब: आतड्यापासून पित्तापर्यंत

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून साधारण १०० मिलिग्रॅम तांबे असते. कुणात ५०, कुणात १२०. ते सगळे गोळा करून वितळवले, तर मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी गोळी होईल. लोखंड याच्या तीस-चाळीस पट असते आणि त्याच्याविषयी बोलणारेही त्याच पटीत जास्त आहेत. आजचा विषय ही मोहरीएवढी गोळी आहे: ती आत कशी येते, कोण कुठे पोचवते आणि जास्त झाली की बाहेर कोण काढते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा पसारा समजायला सोपा जाईल. तांब्याचे जे आजार आपण पाहणार आहोत, त्यांतल्या बहुतेकांत तांबे कुठेतरी भरपूर असतेच. ते चुकीच्या खोलीत अडकलेले असते. म्हणून तांब्याविषयी कुठलाही आकडा समोर आला, की तो कुठला आहे हे आधी विचारायचे. अन्नातला? आतड्याच्या पेशीतला? रक्तातला? यकृतातला? हे चार आकडे एकमेकांच्या अगदी उलट दिशेला जाऊ शकतात.

शरीर तांब्याला इतक्या सोवळ्यात ठेवते ते का? तांब्याच्या अणूला एक इलेक्ट्रॉन देणे आणि परत घेणे फार सोपे जाते. एक धनभार असलेले ते क्युप्रस, दोन असलेले ते क्युप्रिक, आणि या दोन अवस्थांमध्ये ते सारखे ये-जा करू शकते. शरीराने हा गुण कामाला लावला आहे. श्वासातला ऑक्सिजन पेशीत शेवटी जिथे पाण्यात बदलतो, ते सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम तांब्याशिवाय चालत नाही. कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे एकमेकांत विणणारे लायसिल ऑक्सिडेज, डोपामिनचे नॉरॲड्रेनालिन करणारे एन्झाइम, त्वचेला आणि केसांना रंग देणारे टायरोसिनेज, घातक सुपरऑक्साइड विझवणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, या सगळ्यांच्या गाभ्यात तांबे बसलेले असते.

पण हाच गुण मोकाट सुटला तर महागात पडतो. मोकळे तांबे हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटले की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. तो समोर येईल त्याला जाळत सुटतो, मग ते पेशीचे आवरण असो की डीएनए. त्यामुळे पेशीत तांबे कधीही मोकळे सोडले जात नाही. किती कडक पहारा असतो? यीस्टच्या पेशींवर टॉमस ओहॅलोरन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की पेशीत तांब्याचे अणू लाखांनी मोजावेत इतके असले, तरी मोकळे तांबे सरासरी काढली तर पेशीमागे एक अणूही भरत नाही. प्रत्येक अणूचा हात कुणीतरी धरलेला असतो.

आता जेवणापासून सुरुवात करू. अन्नातले तांबे प्रथिनांना आणि सेंद्रिय आम्लांना चिकटलेले असते. जठरातले आम्ल आणि पेप्सिन ते सुटे करतात. थोडेफार शोषण जठरातही होते, पण खरे काम लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात होते. हा तपशील लक्षात ठेवा, शस्त्रक्रियांच्या संदर्भात तो परत येणार आहे.

आद्यांत्रात पोचलेले तांबे बहुतांशी क्युप्रिक अवस्थेत असते आणि आत नेणारे वाहक प्रथिन फक्त क्युप्रस घेते. म्हणून आतड्याच्या पेशींच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आधी त्याला एक इलेक्ट्रॉन दिला जातो. स्टीप कुळातली क्षपण करणारी एन्झाइमे हे काम करतात. त्यानंतर येते सीटीआर१ हे वाहक प्रथिन. त्याच्या तीन प्रती एकमेकींना टेकून उभ्या राहतात आणि मधे एक अरुंद बोगदा तयार होतो. बोगद्याच्या तोंडाशी मेथिओनिन या अमिनो आम्लाचे गट असतात. त्यांच्यातल्या गंधकाला क्युप्रस तांबे सहज चिकटते आणि एका गटावरून दुसऱ्यावर सरकत आत जाते. यात एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची, ऊर्जा खर्च होत नाही. आत गेल्यावर तांबे लगेच दुसरे कुणीतरी उचलते, त्यामुळे उतार नेहमी आतल्याच बाजूला राहतो.

सीटीआर१ पेशीच्या नेमक्या कुठल्या बाजूला काम करते, यावर संशोधकांत वाद आहे. पण एक प्रयोग फार बोलका आहे. उंदरांच्या फक्त आतड्यातले सीटीआर१ काढून टाकले, तर पिल्लांच्या शरीरात तांब्याचा दुष्काळ पडतो आणि आतड्याच्या पेशींत मात्र तांबे साचत जाते. म्हणजे तांबे इतर वाटांनीही पेशीत शिरते, पण सीटीआर१मधून न आलेले तांबे पेशीला वापरता येत नाही. मघाशी म्हटले ते हेच: साठा आहे, पण चुकीच्या खोलीत.

आत शिरलेल्या अणूला ताब्यात घ्यायला तीन वाटाडे तयार असतात, आणि तिघांचे पत्ते ठरलेले आहेत. सीसीएस हे प्रथिन त्याला सुपरऑक्साइड डिसम्युटेजकडे नेते. कॉक्स१७ मायटोकॉन्ड्रियाकडच्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराकडच्या, वाटेवर असते. तिसरे ॲटॉक्स१ त्याला एटीपी७ए नावाच्या पंपाच्या हाती देते. यांपैकी कुणाच्याच हाती न लागलेले तांबे मेटॅलोथायोनिन पकडते. हे जेमतेम ६१-६२ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे आणि त्यांतली २० गंधक असलेली सिस्टीन आहेत, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा तांबे पकडणाऱ्या हुकांचाच. जस्ताच्या संदर्भात याच्याकडे परत यायचे आहे.

या सगळ्यात मला सर्वांत हुशार वाटतो तो एटीपी७ए. एरवी तो पेशीच्या आत, प्रथिनांची बांधणी-पाठवणी करणाऱ्या गॉल्जी यंत्रणेच्या टोकाशी बसून नव्याने तयार होणाऱ्या एन्झाइमांत तांबे भरत असतो. पेशीत तांबे वाढले की तो तिथून उठतो, पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला जातो आणि तांबे बाहेर ढकलू लागतो. तांबे उतरले की परत गॉल्जीत. पंपांची संख्या फारशी बदलत नाही, त्यांची जागा बदलते. नवे प्रथिन बनवायला तास लागतात, जागा बदलायला मिनिटे पुरतात. दरम्यान पेशीत तांबे जास्त झाले, तर सीटीआर१ही पृष्ठभागावरून आत ओढले जाते. एकीकडे पुढचे दार मिटते, दुसरीकडे मागचे उघडते.

लोहाचे नियमन ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वेगळे वाटेल. लोहासाठी यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक सुटते आणि ते आतड्याला हुकूम देते. तांब्याचे नियमन मुख्यतः पेशीपेशीच्या पातळीवर चालते. दुसरा फरक याहून मोठा आहे: जास्तीचे लोह बाहेर टाकायला शरीराकडे नियंत्रित मार्गच नाही, त्यामुळे लोहाची सगळी भिस्त प्रवेशद्वारावर असते. तांब्याला दोन्ही दारे आहेत, आतड्यातले आणि पित्तातले.

आतड्याचे दार किती आकसते याचे मोजमाप झाले आहे. पूर्वी खाल्लेले तांबे वजा विष्ठेतले तांबे असा साधा हिशेब करत, पण तो फसवा ठरतो. विष्ठेतले तांबे न शोषलेले आहे की शोषून पित्तातून परत आलेले, हे त्यात कळत नाही. निसर्गात तांब्याचे दोन स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत: सुमारे ६९ टक्के तांबे-६३ आणि ३१ टक्के तांबे-६५. अन्नात तांबे-६५ मुद्दाम वाढवून दिले की खाल्लेल्या तांब्याला खूण लागते. ज्युडिथ टर्नलंड आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तरुण पुरुषांवरचे असे मोजमाप प्रसिद्ध केले. दिवसाला ०.७८५ मिलिग्रॅम तांबे दिले तेव्हा त्यातले सुमारे ५६ टक्के शोषले गेले. १.६८ मिलिग्रॅमला ३६.३ टक्के. ७.५३ मिलिग्रॅमला फक्त १२.४ टक्के.

आता टक्के सोडा आणि गुणाकार करा. पहिल्या आहारात प्रत्यक्ष आत गेले ०.४४ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ०.६१, तिसऱ्यात ०.९३. ताटातले तांबे जवळपास दहापट झाले, आत गेलेले जेमतेम दुप्पट. आणि ही जी दुप्पट आत गेली, तिच्यातलाही मोठा भाग पित्तातून बाहेर पडतो. म्हणूनच रोजच्या जेवणात तांबे थोडे इकडेतिकडे झाले तर निरोगी माणसाला काही होत नाही. मात्र हे दार पूर्ण मिटत नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते. कित्येक महिने रोज ७-८ मिलिग्रॅम घेत राहिले, तर थोडे थोडे तांबे शरीरात मागे उरते.

आतड्यातून निघालेले तांबे रक्तातल्या अल्ब्युमिनला आणि आणखी काही प्रथिनांना धरून, प्रतिहारी शिरेने थेट यकृतात येते. यकृताच्या पेशीतही तेच सीटीआर१ आणि तोच वाटाड्या ॲटॉक्स१. पंप मात्र वेगळा, एटीपी७बी. हा एटीपी७एचा सख्खा भाऊ, पण याच्याकडे दोन कामे आहेत. पहिले, सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात तांब्याचे सहा अणू बसवून ते रक्तात सोडणे. होल्मबर्ग आणि लॉरेल या स्वीडिश संशोधकांनी १९४८ मध्ये ते वेगळे काढले. निळे दिसते म्हणून हे आकाशी नाव. रक्तद्रवातले बहुतेक तांबे याच प्रथिनात असते. दुसरे काम, यकृतात तांबे वाढले की गॉल्जी सोडून पित्तनलिकेच्या बाजूला सरकायचे आणि जास्तीचे तांबे पित्तात टाकायचे. पुन्हा तीच युक्ती, जागा बदलण्याची.

लाळ, जठररस, स्वादुरस आणि पित्त मिळून रोज आतड्यात जितके तांबे ओतले जाते, ते जेवणातल्या तांब्यापेक्षा जास्त, काही मिलिग्रॅम भरते. त्यातले बरेच परत शोषले जाते. पित्तातले तांबे मात्र अशा संयुगांत बांधलेले असते की ते फारसे परत येत नाही, त्यामुळे शरीरातून तांबे खऱ्या अर्थाने जाण्याची वाट पित्ताचीच. लघवीतून दिवसाला ५० मायक्रोग्रॅमहूनही कमी जाते, म्हणजे हिशेबात जवळपास शून्य. पित्ताचा मार्ग दीर्घकाळ तुंबला, तर यकृतात तांबे साठते ते याच कारणाने.

नवजात बाळाचे गणित थोडे निराळे असते. दुधात तांबे फार कमी, म्हणून गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ यकृतात शिधा भरून घेते. फार आधी जन्मलेल्या बाळाला हा शिधा भरायला वेळच मिळालेला नसतो.

आता बिघाड. जॉन मेंकीज यांनी १९६२ मध्ये एकाच कुटुंबातल्या लहान मुलांचा एक आजार वर्णन केला: वाढ खुंटलेली, झटके, अंग थंड, आणि केस निस्तेज, राठ, पिळवटलेले. कारण सापडायला दहा वर्षे लागली, आणि धागा मिळाला तो मेंढ्यांकडून. तांबे कमी असलेल्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीची नैसर्गिक कुरळी वळणे नाहीशी होतात, हे ऑस्ट्रेलियात माहीत होते. तिथले डॉक्टर डेव्हिड डँक्स यांना या बाळांचे केस आणि ती लोकर यांतले साम्य दिसले. त्यांनी तांबे मोजले, आणि ते रक्तात फार कमी निघाले. १९९३ मध्ये जनुक सापडले: एटीपी७ए, एक्स गुणसूत्रावर. म्हणून हा आजार बहुधा मुलग्यांत दिसतो.

मेंकीजमध्ये आतड्याच्या पेशी तांब्याने भरलेल्या असतात. दार उघडे असते, वाटाडे हजर असतात, पण रक्ताकडे ढकलणारा पंप बंद. तोच पंप मेंदूच्या वाटेवरही लागतो, त्यामुळे आत पोचलेले थोडेसे तांबेही मेंदूपर्यंत जात नाही. लक्षणांची यादी म्हणजे बंद पडलेल्या एन्झाइमांची यादीच आहे: लायसिल ऑक्सिडेज नाही म्हणून रोहिण्या नागमोडी आणि कमकुवत, टायरोसिनेज नाही म्हणून रंग फिका, सायटोक्रोम ऑक्सिडेज मंद म्हणून मेंदू आणि स्नायू उपाशी. अशा बाळाला तोंडाने तांबे देऊन उपयोग नाही, ते आतड्यातच अडकते. हिस्टिडिन या अमिनो आम्लाशी जोडलेले तांबे त्वचेखाली टोचून द्यावे लागते, आणि तेही जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाले तरच नीट फरक पडण्याची आशा असते.

विल्सन आजारात दुसरा भाऊ बिघडतो. किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये याचे वर्णन केले. एटीपी७बी हे जनुक त्याच १९९३ साली, तेराव्या गुणसूत्रावर सापडले. इथे आतडे ठीक असते, तांबे यकृतात पोचते आणि तिथून पुढे सरकत नाही. पित्तात जात नाही, सेरुलोप्लाझ्मिनमध्येही बसत नाही. यकृत भरून वाहू लागते आणि सांडलेले तांबे मेंदूच्या खोलवरच्या गाभ्यांत, मूत्रपिंडात आणि डोळ्यांच्या पारपटलाच्या कडेला जाऊन बसते. तिथे दिसणारी ती तपकिरी-हिरवट कडा म्हणजे कायसर-फ्लायशर वलय.

आणि इथेच आकडा फसवतो. शरीरभर तांबे साचलेल्या या रुग्णाच्या रक्तातले एकूण तांबे बरेचदा कमी येते. तांबे न बसलेले सेरुलोप्लाझ्मिन लवकर मोडते, आणि रक्तातले बहुतेक तांबे तर त्याच्यातच मोजले जाते. 'तांबे कमी आहे' असे वाचून कुणी तांब्याची गोळी सुरू केली, तर आगीत तेल. तेव्हा एकूण तांब्याबरोबर सेरुलोप्लाझ्मिन मागवायचे आणि वजाबाकी करायची. एक मिलिग्रॅम सेरुलोप्लाझ्मिनमध्ये साधारण ३.१५ मायक्रोग्रॅम तांबे असते. समजा एकूण तांबे डेसिलिटरला ११० मायक्रोग्रॅम आणि सेरुलोप्लाझ्मिन ३२ मिलिग्रॅम. ३२ गुणिले ३.१५ म्हणजे जवळपास १०१. उरले ९. निरोगी माणसात हा उरलेला भाग ५ ते १५च्या दरम्यान असतो. दुसऱ्या माणसात एकूण फक्त ६०, सेरुलोप्लाझ्मिन ८. गुणाकार २५, उरले ३५. एकूण जवळपास निम्मे, आणि सेरुलोप्लाझ्मिनमध्ये न बांधलेले तांबे चौपट. पंचविसाच्या वर गेले की विल्सनची शंका घ्यायची. ही वजाबाकी कच्ची आहे, हेही सांगतो. काही प्रयोगशाळांची पद्धत तांबे नसलेले रिकामे सेरुलोप्लाझ्मिनही मोजते आणि मग उत्तर चक्क उणे येते. म्हणून २४ तासांच्या लघवीतले तांबे, डोळ्यांची तपासणी, यकृताच्या तुकड्यातले तांबे आणि जनुकचाचणी यांच्या बरोबरीने तिचा अर्थ लावतात. लघवीत दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून जास्त आणि यकृताच्या कोरड्या वजनात ग्रॅमला २५० मायक्रोग्रॅमहून जास्त, हे जुने ठळक टप्पे आहेत.

नमुना घेताना होणाऱ्या चुकाही सांगून ठेवतो. रक्त सूक्ष्म धातूंसाठीच्या, गडद निळ्या बुचाच्या नळीत घ्यावे. लघवीचे भांडे धातूमुक्त हवे आणि चोवीस तासांतली एकही वेळ सुटता कामा नये. रुग्णाला ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असेल, गर्भारपण असेल, इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील, तर सेरुलोप्लाझ्मिन वाढते आणि त्याच्याबरोबर रक्तातले तांबेही. त्यामुळे खरी कमतरता झाकली जाऊ शकते, आणि वाढलेल्या आकड्याला विषबाधा समजण्याची चूकही होते.

विल्सनच्या उपचारात दोन तऱ्हा आहेत. पेनिसिलामिन किंवा ट्रायेंटिन साचलेले तांबे पकडून लघवीवाटे काढतात. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामिन आणले, तोवर हा आजार जीवघेणाच होता. दुसरी तऱ्हा जस्ताची, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रौढांना शुद्ध जस्ताच्या मापाने ५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणापासून किमान तासभर दूर. जस्त आतड्याच्या पेशीला मेटॅलोथायोनिन बनवायला लावते. हे प्रथिन जस्तामुळे तयार होते खरे, पण तांबे त्याला जस्तापेक्षा घट्ट चिकटते. तांबे आले की ते जस्ताला उठवून स्वतः जागा घेते आणि तिथेच अडकते. आतड्याच्या अस्तराची पेशी तीन ते पाच दिवस जगते, मग गळून पडते आणि तांब्यासकट विष्ठेतून जाते. लाळेतून, जठररसातून आलेले तांबेही याच सापळ्यात सापडते, त्यामुळे हळूहळू साठाही उतरतो. परिणाम यायला महिने लागतात. फार आजारी रुग्णात नुसत्या जस्तावर विसंबत नाहीत, ते यासाठी.

जे विल्सनच्या रुग्णाला तारते, तेच निरोगी माणसाला मारक ठरते. जस्ताच्या गोळ्या महिनोन् महिने मनाने घेणारे, जस्तयुक्त कवळीचा चिकटा रोज भरपूर वापरणारे, आणि लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचे आद्यांत्र अन्नाच्या वाटेतून वगळले गेले आहे असे लोक, हे तांब्याच्या कमतरतेचे आजचे नेहमीचे रुग्ण. शस्त्रक्रियेनंतर लक्षणे यायला वर्षे लागू शकतात, त्यामुळे दुवा जोडायचा राहून जातो. प्रौढांसाठी जस्ताची रोजची वरची मर्यादा अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये ४० मिलिग्रॅम ठरवली, ती जस्ताच्या स्वतःच्या विषारीपणावरून नव्हे तर त्याने तांब्यावर होणाऱ्या परिणामावरून. दुकानातल्या गोळीत एकट्या ५० मिलिग्रॅम असू शकतात, हे वेष्टनावर पाहावे.

कमतरतेची सुरुवात बहुधा रक्तात दिसते: रक्तक्षय आणि पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल कमी, प्लेटलेट बहुधा ठीक. रक्तक्षय दिसला की लोहाची गोळी दिली जाते आणि गुण येत नाही. १९२८ मध्येच विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या दुधावर ठेवलेल्या उंदरांत हे पाहिले होते: लोहाने रक्त वाढेना, लोहाबरोबर किंचित तांबे दिले तेव्हा वाढले. कारण आता माहीत आहे. आतड्याच्या पेशीतून लोह बाहेर काढताना त्याचे ऑक्सिडीकरण करणारे हेफेस्टिन आणि रक्तात तेच काम करणारे सेरुलोप्लाझ्मिन, दोन्ही तांब्याची प्रथिने आहेत. तांबे नसेल तर लोह असूनही अडकून पडते. अस्थिमज्जा तपासली तर चित्र मायलोडिस्प्लाझिया या मज्जेच्या गंभीर आजारासारखे दिसते, आणि तांबे न मोजताच तसे निदान झालेले रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत.

रक्तापेक्षा वाईट मज्जारज्जूचे. तळव्यांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, पाय ताठर. हुबेहूब बी१२च्या कमतरतेसारखे, एमआरआयमध्येसुद्धा. बी१२ नॉर्मल आले किंवा बी१२ देऊनही चाल सुधारली नाही, तर तांबे, सेरुलोप्लाझ्मिन आणि जस्त तिन्ही एकदम मागवावे. उपचारात आधी जस्ताचा स्रोत बंद करायचा, मग तांबे. तोंडाने देताना एक प्रचलित क्रम असा: शुद्ध तांबे दिवसाला ८ मिलिग्रॅम पहिला आठवडा, ६ दुसरा, ४ तिसरा आणि पुढे २, डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि रक्त तपासत. रक्त चार ते बारा आठवड्यांत सावरते. मज्जारज्जूचे नुकसान बरेचदा फक्त थांबते, भरून येत नाही.

आहाराचे थोडक्यात सांगतो, कारण इथे अडचण क्वचितच असते. त्याच अमेरिकी समितीने प्रौढांना दिवसाला ९०० मायक्रोग्रॅम सुचवले, गर्भारपणात १०००, स्तनपानात १३००. वरची मर्यादा १० मिलिग्रॅम. काजूच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २.२ मिलिग्रॅम, तिळाच्या तेवढ्याच वजनात ४ मिलिग्रॅम. गाईच्या शिजवलेल्या यकृतात तर १४ मिलिग्रॅमच्या आसपास. डाळी, अख्खी धान्ये, कोको, अळंबी, शिंपले, हेही चांगले स्रोत. धान्य-डाळींतले फायटेट हे संयुग जस्ताला जितके अडवते तितके तांब्याला अडवत नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाने त्याची धास्ती घ्यायचे कारण नाही.

पाण्यातल्या तांब्याला जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला २ मिलिग्रॅमची मर्यादा दिली आहे. तांब्याच्या नळात आम्लधर्मी पाणी रात्रभर उभे राहिले तर ती ओलांडली जाऊ शकते, म्हणून सकाळचे पहिले पाणी सोडून द्यावे. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात राहिला की कळकतो. तो खाल्ला तर मळमळ आणि उलटी होते, कारण विरघळलेले तांबे जठराच्या अस्तराला थेट झोंबते. आतड्याच्या दाराचा आणि याचा संबंध नाही, तिथवर गोष्ट पोचायच्या आतच पोट तक्रार करते.

उरला पूरक गोळ्यांचा प्रश्न. वेष्टनावर नुसते '२ मिलिग्रॅम तांबे' पाहू नका, ते कुठल्या संयुगातले आहे ते शोधा. ग्लुकोनेट किंवा सल्फेट पाण्यात विरघळते आणि शोषले जाते. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत क्युप्रिक ऑक्साइड असते, कारण त्यात वजनाच्या मानाने तांबे भरपूर बसते आणि गोळी लहान राहते. हे ऑक्साइड आतड्यात जवळपास विरघळतच नाही. वेष्टनावरचे २ मिलिग्रॅम बव्हंशी जसेच्या तसे दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात.